टाकीवरचा शिंगाचा रंग

चालू गाडी देऊन बंद गाडी घेणारा माणूस आमच्या वडवणी तालुक्यात माझ्याआधी झाला नसावा. निदान माझ्या बायकोचं तसं मत आहे, आणि ते ती कुणी न विचारता सांगते.

झालं असं की मी सिरसाळ्याच्या बाजारात उन्हाळी भुईमुगाचं बियाणं आणायला गेलतो. चहाच्या टपरीसमोर एक दूधवाला त्याच्या जुन्या फटफटीला किक मारत होता. दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लटकलेले, टाकीला पोपटी रंग, आणि माणूस घामानं भिजलेला. गाडीला मी लगेच ओळखलं नाही, पण किक ओळखली. मी चौथीत असताना ती मोडली होती, आणि आमच्या गावच्या लोहारानं तिला पेरायच्या तिफणीच्या मोडक्या फणाचं लोखंड जोडून दिलं होतं. तसली किक दुनियेत दुसरी असणं शक्य नाही. शिवाय उजव्या पोटरीवर त्याच गाडीच्या सायलेन्सरनं भाजलेला डाग मी अजून बाळगून आहे. टपरीसमोर उभा राहून मी पँट वर करून तो डाग पाहिला. कशाला पाहिला ते सांगता येत नाही.

गाडी आमच्या दादांची होती. दादा म्हणजे माझे वडील. मी कॉलेजला असताना त्यांनी ती विकली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कंपनी बंद पडून जमाना झाला आणि तिनं माझं काही वाईट केलेलं नाही.

"विकता का?" मी दूधवाल्याला विचारलं.

"कावून?"

"माझ्या बापाची हाय."

"मंग इकली कावून?"

प्रश्न बरोबर होता. तासभर बोलणं झालं. शेवटी मी ज्या गाडीवर गेलतो ती त्याला दिली, त्याची मी घेतली, आणि भाड्याच्या टेम्पोत घालून परस्पर वडवणीला एका मिस्त्रीकडं टाकून घरी आलो. बियाणं टपरीवरच राहिलं. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता शाळेत कशावर जाणार?" मी म्हणालो, "तुझ्या स्कूटरवर." मग परत दोन दिवस बोलली नाही.

हे सगळं मी कशासाठी केलं ते सांगतो, नाहीतर लोकांना वाटेल डोक्यावर परिणाम झालाय. माझी आई त्या गाडीवर कधीच बसली नाही, एकदासुद्धा नाही. वीस-बावीस वर्षं ती गाडी आमच्या दारात होती. आईचं माहेर आमच्या गावापासून तीन किलोमीटर, मधे एक ओढा. माहेरी जायचं म्हटलं की दादा, मी आणि बहीण फटफटीवर, आणि आई पिशवी घेऊन चालत. आम्ही पुढं जाऊन मामाच्या ओसरीवर शेंगा खात बसायचो, आणि अर्ध्या-पाऊण तासानं आई यायची, पाय धुवायची आणि कामाला लागायची. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटायचं फटफटीवर बाप बसतो आणि आई चालते, अशीच रीत असेल.

मोठं झाल्यावर विचारलं तर दादा म्हणायचे, "तिला वारं लागतं." आई म्हणायची, "मला पेट्रोलचा वास सोसत न्हाई." पण हीच बाई माझ्या बायकोच्या स्कूटरवर मागं बसून वडवणीच्या बाजाराला जाते, आणि वर "जरा जोरात घे की" म्हणते. मी गणिताचा मास्तर आहे. दोन बाजू जुळत नसल्या की मला चैन पडत नाही.

तर मी ठरवलं, गाडी नवीकोरी करायची. दादा चालवतील, आई मागं बसेल, दोघांना कपिलधारला पाठवायचं. धबधबा बघतील, दर्शन घेतील. मी स्कूटरवरून मागं मागं जाऊन फोटो काढेन. एवढंच माझं स्वप्न होतं आणि त्यात कुणाचं काही वाईट नव्हतं.

वडवणीच्या बसस्टँडमागं हे म्हातारे मिस्त्री बसतात. असल्या गाड्या उघडणारा तालुक्यात तेवढा एकच माणूस उरलाय, आणि हे त्यांना माहीत आहे हीच अडचण आहे. गाडी टाकल्यावर आठ दिवस त्यांनी तिला हातच लावला नाही. रोज शाळा सुटल्यावर मी जायचो, आणि रोज ते म्हणायचे, "घाई का करता साब? पयले ओळख तर होऊ द्या." नवव्या दिवशी त्यांनी धक्का मारून इंजिन दोन मिनिटं चालू केलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले, आणि डॉक्टरनं सांगावं तसं सांगितलं, "पिस्टन गेला. रिंग गेली. क्लचप्लेटा गेल्या. बाकी लई मजबूत हाय."

"बाकी काय राहिलं मग?"

"हिंमत," मिस्त्री म्हणाले.

पुढचे सहा महिने माझे रविवार भंगारवाल्यांकडं गेले. बीडला एका भंगारात कार्ब्युरेटर मिळाला. परळीला एकाच्या माळ्यावर हेडलाइट होता, पण तो देईना. म्हणाला, असू द्या, कधी लागंल. मी म्हणालो, गाडी नाही तुमच्याकडं, कशाला लागंल? तो म्हणाला, "तुमाला लागला की न्हाई?" मला राग लवकर येतो हे मी मान्य करतो. त्या दिवशी मी त्या माणसाला त्याच्याच दुकानात "बे" म्हणालो. पुढच्या रविवारी पेढे घेऊन गेलो तेव्हा हेडलाइट मिळाला.

घरात दादांना मी काही सांगितलं नव्हतं. आल्यापासून गाडी मिस्त्रीकडंच होती. बायकोला तंबी दिली होती. आईला तर सांगायचा प्रश्नच नव्हता, ती खरी गंमत होती.

इंजिन झालं, मग रंगाचं काम निघालं. तेही मिस्त्रीच करायचे, अक्षरंसुद्धा. तालुक्यातल्या निम्म्या ट्रॉल्यांवरचं 'आई-वडिलांचा आशीर्वाद' त्यांच्या हातचं आहे. टाकी घासायला घेतली त्या दिवशी त्यांनी मला शाळेत फोन केला. मी तास सोडून गेलो.

वरचा पोपटी रंग दूधवाल्याचा. त्याखाली काळा, तो दादांचा, माझ्या लहानपणापासूनचा. काळ्याखाली भडक लाल, जाड, ब्रशचे फराटे उठलेला.

"हा गाडीचा रंग न्हाई साब," मिस्त्री म्हणाले. "हा शिंगाचा हाय. पोळ्याला बैलाच्या शिंगाला मारतात त्यो. कुनी तरी हातानं मारलाय."

आणि लालच्या खाली, कंपनीच्या मूळ रंगावर, पांढरी अक्षरं होती. मिस्त्रींनी रॉकेलच्या बोळ्यानं हळूहळू पुसून ती वर काढली. 'सासऱ्याकडून जावयास सप्रेम भेट.' आणि खाली माझ्या आईच्या वडिलांचं नाव आणि गाव.

मी वेडा झालो. गाडी आजोबांनी दिली हे मला माहीत होतं, पण हे लिहिलेलं कुणी कधी बोललं नव्हतं. आजोबा, म्हणजे आईचे आबा, जाऊन पंधरा वर्षं झाली, आणि त्यांचं नाव रंगाखालून निघत होतं. मी फोटो काढले. शिंगाचा रंग टाकीवर कशाला आला, हा प्रश्न मला तिथंच पडायला पाहिजे होता. पण मी मास्तर माणूस, मला प्रश्न घालायची सवय आहे, पडायची नाही. मी मिस्त्रींना म्हणालो, "जसंच्या तसं लिहा. तीच अक्षरं. पण सोनेरी." त्यांनी दोन दिवस घालून अशी अक्षरं काढली की लांबून वाचता यावीत.

पोळ्याच्या आठ दिवस आधी मी गाडी चालवत घरी आणली. पहिल्या किकला चालू झाली होती, हे इथं नोंदवून ठेवतो, कारण पुढं त्याचा काही उपयोग झाला नाही.

आवाज ऐकून दादा बाहेर आले. त्यांनी आवाज ओळखला होता, तोंड हसरं होतं. मग त्यांची नजर टाकीवर गेली. त्यांनी वाचलं, आणि आत जाऊन भरदुपारी डोक्यावरून चादर घेऊन झोपले.

मागून आई आली, पीठ लागलेले हात पदराला पुसत. आई चौथी शिकलीय, वाचते, पण एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचते. "सा-स-ऱ्या-क-डून." सगळं वाचलं. बापाच्या नावापर्यंत आली आणि थांबली. मी मोबाईल काढून फोटोसाठी तयार उभा होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुला ह्यो उद्योग कुनी सांगितला व्हता?"

त्या दिवशी आमच्या घरी चहा झाला नाही. माझ्या आठवणीत असं फक्त मयतीला झालंय.

तिसऱ्या दिवशी आई ओसरीवर तूर पाखडत बसली होती. मी जवळ जाऊन बसलो. दादा आतल्या खोलीत होते, दार उघडं होतं. आई सुपाकडंच बघत बोलत होती, पण आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"लगनात नवरदेवाचं ताट मांडलं. वऱ्हाड सगळं पंगतीला बसलं. नवरदेव रुसून बसला. हात मांडीवर. फटफटी पायजे म्हनून."

आमच्याकडं नवरदेवानं ताटावर रुसायची रीत होती. घड्याळ मागायचे, सायकल मागायचे. नवरदेव घास घेत नाही तोवर पंगत घास घेत नाही. मागणं झेपणारं असलं की सासरा हसून हो म्हणायचा, गंमत व्हायची.

"चार वाजले," आई म्हणाली. "वरणाला साय धरली. लेकरं रडायला लागली. आबा हात जोडून हुबे. शेवटी म्हनले, देतो. तवा ह्यांनी घास घेतला." तिनं सूप आपटलं. "चार महिन्यांनी आबांनी बैलजोडी इकली. दोन बैल, बाजारात. त्याची ही आली. वर नाव घातलं आबांनी, लोकांनी वाचावं म्हनून. ह्यांनी गावभर वाचून दाखवलं."

आत खाट करकरली.

"मंग पोळा आला. मी माहेरला गेलते. सगळ्यांचे बैल मारुतीला चाललेले, वाजत-गाजत. आमच्या दारात कायबी न्हाई. आबांनी काय केलं म्हाईत हाय का? दावणीचा खुंट धुतला. खुंटाला हळद-कुकू लावलं. खुंटाला पोळीचा निवद दाखवला. आन् आत जाऊन बसले. दिसभर बाहेर न्हाई आले."

ती पाखडायची थांबली. "मी त्याच दिशी परत आले. हितं आपल्या बैलांच्या शिंगाला लावून रंग उरला व्हता. घेतला ब्रश आन् मारला. तुझा बाप हुबा ऱ्हाऊन बघत व्हता. एक सबूद बोलला न्हाई."

मला लाज वाटली. दादांची वाटली की माझी, ते नीट सांगता येणार नाही. राग तर आलाच होता. ज्या माणसाच्या पाठीला बिलगून मी लहानपणी त्या गाडीवर बसायचो, तो माणूस चार वाजेपर्यंत ताटावर हात मांडीवर ठेवून बसला होता. आणि ते नाव मी सोन्याच्या रंगात परत लिहून दारात आणून उभं केलं होतं.

"पुसून टाकतो," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे. आबांचं नाव हाय. कुठं खोटं हाय त्यात?" मग तिनं जरा विचार केला. "सप्रेम तेवढं खोटं हाय."

संध्याकाळी तिनं स्वतः रॉकेलचा बोळा घेतला आणि 'सप्रेम' तेवढं पुसलं. मिस्त्रींचा रंग पक्का होता, तिला बराच वेळ लागला. आता टाकीवर 'सासऱ्याकडून जावयास', मग मोकळी जागा, मग 'भेट'. दादा याही वेळी नुसते बघत होते, खाटेवरून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात आणि त्याला जेवणाचं आवतन देतात. आमचे बैल कधीच गेले, आता ट्रॅक्टर सांगतो आणि पोळ्याला मातीचे बैल पुजतो. त्या संध्याकाळी आई वाटीत तूप-हळद घेऊन अंगणात गेली आणि तिनं फटफटीचं हँडल दोन्ही बाजूंनी चोळलं. मग वाकून गाडीला म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." माझी बायको माझ्याकडं बघत राहिली. मी दुसरीकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हँडलच्या दोन्ही टोकांना शिंगाचा रंग लागलेला होता. हेडलाइटला बाशिंग. सीटवर झूल म्हणून आईची जुनी पैठणी. आई नऊवारी नेसली आणि दादांना म्हणाली, "ऐकलं का? गाडी काढा. माहेराला जायचंय."

दादांनी खुंटीवरची किल्ली घेतली.

"किल्ली कशाला?" आई म्हणाली. "पोळ्याच्या दिशी बैलावर कुनी बसतं का? का जुंपतं कुनी?"

दादांनी किल्ली परत खुंटीला लावली. हँडल धरलं आणि ढकलायला लागले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, आणि गाडी काही हलकी नाही. मी पुढं झालो तर आई म्हणाली, "तू न्हाई. तू मागं चल. ताटावर तू बसला व्हता का?"

तीन किलोमीटर. पोळ्याचा दिवस, रस्त्यावर माणसंच माणसं. जो भेटेल तो विचारी, "दादा, पेट्रोल संपलं का?" पहिल्या सात-आठ जणांना दादा नुसते "न्हाई" म्हणाले. ओढ्यात उतरल्यावर एकानं विचारलं, "मंग बिघडली का?" दादा थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, "न्हाई. चांगली हाय. पोळा हाय म्हनून चालवत न्हाई." त्यानं मान हलवली. आमच्याकडं पोळ्याचं कारण दिलं की माणसं पुढं विचारत नाहीत. आई पाठीमागून चालत होती, पूर्वीसारखीच, पिशवी घेऊन. फरक एवढाच की या वेळी दादाही चालत होते.

मामाच्या दारात मामा आणि मामी उभे होते. आईनं फोन करून ठेवला असावा, कारण मामा काही विचारत नव्हते. दावणीचा खुंट अजून आहे, आता त्याला शेळी बांधतात. मामानं शेळी सोडली. आईनं पिशवीतून कासरा काढला, हँडलला गाठ मारली आणि दुसरं टोक खुंटाला बांधलं. मामीनं गाडीला ओवाळलं. आईनं पुरणाची पोळी हेडलाइटपुढं धरली, मग खुंटापुढं ठेवली. आणि मग ती रडली. आवाज न करता, उभ्यानं, एका हातानं खुंट धरून.

मामा म्हणाले, "चला दाजी, पानं वाढलीत."

ओसरीवर पानं मांडली होती. समोरच्या भिंतीवर आजोबांचा फोटो, हार घातलेला. दादा पाटावर बसले. मामीनं पोळी वाढली, तूप सोडलं. दादांनी हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिले.

आम्ही कुणीच घास घेतला नाही. मामाचा चेहरा उतरला. "दाजी," ते हळूच म्हणाले, "काय ऱ्हायलं का?"

दादा उठले. फोटोपुढं गेले, हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं म्हना," आई दारातून म्हणाली. "आबांना कमी ऐकू यायचं."

"चुकलं माझं!" दादा एवढ्या मोठ्यानं ओरडले की अंगणातली शेळी उडाली. "लई चुकलं! बैल न्यायला नको व्हते मी!"

मग ते येऊन पाटावर बसले आणि जेवायला लागले. त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या. मामा डोळे पुसत पाचवी वाढायला लागले तर दादांनी पानावर हात आडवा धरला. "बास," म्हणाले, "मला आता काय नको."

ऊन उतरल्यावर निघालो. मामानं कासरा सोडून आईच्या हातात दिला. आईनं तो गुंडाळून पिशवीत ठेवला, पैठणी सारखी केली, पदर खोचला आणि एका बाजूला पाय सोडून गाडीवर बसली.

दादा हँडल धरून उभेच राहिले. "आज जुंपायची न्हाई म्हनलीस ना?"

"जुंपू नका," आई म्हणाली. "नुसतं घेऊन चला."

दादा हँडल धरून चालायला लागले. एकट्याला रेटेना म्हणून मी मागून ढकलायला लागलो, आणि या वेळी आईनं मला अडवलं नाही. जिच्या इंजिनावर मी सहा महिने घालवले ती गाडी आम्ही दोघं आवाज न करता ओढ्यापर्यंत घेऊन आलो. चढाला मला धाप लागली. मी विचारलं, "आई, पेट्रोलचा वास येतो का गं?"

"न्हाई," आई म्हणाली, आणि दादांच्या पाठीकडं बघत राहिली. "वारं बी लागत न्हाई."